आरसा कोणी घासला?

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका जुन्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत मी 'हुकलेलं नोबेल' या विषयावर बोललो होतो. २०१२ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल फ्रान्सचे सर्ज हारोश आणि अमेरिकेचे डेव्हिड वाइनलँड यांना विभागून मिळालं. त्यातल्या हारोश यांनी दोन आरशांच्या मधल्या पोकळीत प्रकाशाचे मोजके कण कोंडून ठेवले आणि त्यातून एकेक अणू सोडून त्या प्रकाशाला हव्या त्या अवस्थेत आणून दाखवलं. माझं म्हणणं असं होतं की, या खेळाची कितीतरी समीकरणं आपल्याकडे, हैदराबादला आणि तुर्भ्याला, १९८० च्या दशकातच मांडली गेली होती. यंत्रं त्यांच्याकडे होती म्हणून मान त्यांना मिळाला. टाळ्या चांगल्या पडल्या.

शेवटी मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं सरफेस ग्राइंडर चालवला होता. ते म्हणाले, "भाऊ, समीकरणाचं आपल्याला काही कळलं नाही. पण एक सांगा, ते आरसे घासले कोणी?"

सभागृहात हशा पिकला आणि मीही हसलो. पण घरी जाताना लक्षात आलं की, त्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर सोडून दिलं असतं, पण मी स्वतः टूलरूमचा माणूस. प्लास्टिकचे साचे करणाऱ्या कारखान्यांत माझी बावीस वर्षं गेली. 'कॅव्हिटी' हा शब्द मी पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचण्याच्या कितीतरी आधी तेलकट हातांनी शिकलो. साच्यातली जी पोकळी वस्तूला आकार देते, ती कॅव्हिटी. दगडाने, मग एमरी पेपरने, मग हिऱ्याच्या पेस्टने ती घासत बसणारा माणूस दिवसाला तळहाताएवढीच जागा पूर्ण करतो, हे मी पाहिलेलं होतं. आणि तरीही तासभराच्या भाषणात आरशाबद्दल मी एक वाक्यही बोललो नव्हतो.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते शोधताना माझं मूळचं प्रतिपादनच बदलावं लागलं, हेही सुरुवातीलाच कबूल करतो.

पोकळीतला प्रकाश

वेरूळचं दहा नंबरचं लेणं वाचकांपैकी अनेकांनी पाहिलं असेल. लाकडी वाशांसारखी दगडी फासळ्यांची कमान असलेला तो चैत्य. लोक त्याला सुताराचं लेणं म्हणतात. तिथे कोणी स्वर लावला की तो काही काळ घुमत राहतो. उघड्या माळावर तोच स्वर तोंडातून निघाला की गेला. म्हणजे पोकळी नुसती स्वर साठवत नाही, कोणता स्वर टिकावा हेही ठरवते.

प्रकाशाच्या बाबतीत हीच गोष्ट आधुनिक पदार्थविज्ञानाच्या मुळाशी आहे. १९०० साली माक्स प्लांक यांनी तापलेल्या पोकळीतल्या प्रारणाचं कोडं सोडवताना ऊर्जा सुट्या हप्त्यांत धरली. १९२४ साली ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी त्याच पोकळीतले प्रकाशकण नव्या पद्धतीने मोजून प्लांक यांचं सूत्र सिद्ध केलं. पण या साऱ्यात पोकळी ही केवळ हिशेबाची सोय होती. उत्तेजित अणू कधी ना कधी आपोआप प्रकाश सोडतो, हा त्याचा अंगभूत स्वभाव, असंच मानलं जाई.

१९४६ साली एडवर्ड पर्सेल यांनी एका अगदी छोट्या टिपणात या समजाला धक्का दिला. अणू कोणत्या पोकळीत बसला आहे त्यावर त्याचा प्रकाश सोडण्याचा वेग अवलंबून असतो, असं त्यांनी दाखवलं. जुळणाऱ्या पोकळीत तो लवकर सोडेल, न जुळणाऱ्या पोकळीत अडून बसेल. १९६३ साली जेन्स आणि कमिंग्ज या दोघांनी सर्वांत साधा प्रश्न घेतला: एकच अणू, त्याच्या दोनच पायऱ्या, आणि पोकळीत एकाच वारंवारतेचा प्रकाश. पुढचा सगळा इतिहास या छोट्या प्रतिकृतीभोवती फिरतो. पण त्या काळी ती कागदावरचीच होती. एकटा अणू आणि न गळणारी पोकळी, दोन्ही कोणाकडे नव्हतं.

हैदराबाद आणि तुर्भे

आमच्या मराठवाड्याचं हैदराबादशी नातं जुनं आहे. १९५६ पर्यंत हे जिल्हे हैदराबाद राज्यात होते आणि इथे स्वतंत्र विद्यापीठ निघेपर्यंत, म्हणजे १९५८ पर्यंत, उच्च शिक्षणाची वाट उस्मानियाकडे जात असे. त्यामुळे १९७४ साली स्थापन झालेल्या हैदराबाद विद्यापीठातून १९८४ साली या विषयावरचा एक मूलभूत निबंध बाहेर पडला, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तो शेजारच्या गावचा वाटला. लेखक होते गिरीश अगरवाल. मूळचे उत्तर प्रदेशातले, अमेरिकेत रॉचेस्टरला एमिल वुल्फ यांच्याकडे शिकून परत आलेले.

त्यांचं म्हणणं सोप्या भाषेत असं. एकाच आढ्याला दोन सारखे झोपाळे टांगा आणि एकाला झोका द्या. थोड्या वेळाने पहिला थांबतो, दुसरा हलू लागतो; मग पुन्हा पहिला. चांगल्या पोकळीतला अणू आणि ती पोकळी यांचं असंच असतं, आणि आत प्रकाशाचा एक कणही नसताना असतं. अशा जोडीच्या वर्णपटात एका रेषेऐवजी दोन रेषा दिसायला हव्यात. अणूंची संख्या वाढवली तर या दोन रेषांमधलं अंतर संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढेल, म्हणजे चौपट अणूंना दुप्पट. हे शोषणाच्या वर्णपटात कसं पकडता येईल, ते त्यांनी दाखवलं.

भाषणात मी हे 'सर्वांत आधी' असं म्हणालो होतो. ते बरोबर नव्हतं. एबर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली एका अणूच्या उत्सर्जनाच्या बाबतीत अशा दुभंगलेल्या रेषेचा विचार मांडला होता. अगरवाल यांनी प्रश्न पुढे नेला आणि प्रयोग करणाऱ्याच्या हाती लागेल असा केला. हे श्रेय पुरेसं मोठं आहे. त्यावर मी घातलेला मुलामा अनावश्यक होता.

दुसरा निबंध १९८६ चा. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले आर. आर. पुरी आणि अगरवाल या दोघांचा. त्याची पार्श्वभूमी अशी: पोकळीतल्या प्रकाशकणांची संख्या निश्चित नसेल, तर प्रत्येक संख्येचा ताल वेगळा पडतो. भजनात पन्नास टाळकरी किंचित वेगवेगळ्या लयीत वाजवू लागले, तर काही वेळात नुसता गलका उरेल. पण लयी मोजक्या आणि सुट्या असतील, तर बऱ्याच वेळाने सगळ्यांचा ठोका पुन्हा जुळून येतो. अणूची स्पंदनंही अशीच आधी मावळतात आणि मग पुन्हा उगवतात, हे १९८० साली कागदावर दिसलं होतं. ती पुन्हा उगवतात याचा अर्थ प्रकाश सुट्या कणांतच मोजला जातो. पुरी आणि अगरवाल यांनी विचारलं की, पोकळी गळकी असेल तर काय? उत्तर असं की, ही पुन्हा उगवण गळतीपुढे फार नाजूक आहे. थोडी गळतीही तिला खाऊन टाकते.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर हा ड्रॉइंगवर लिहिलेला टॉलरन्स होता. पोकळी इतकी चांगली असेल तरच वस्तू बनेल, नाहीतर नाही. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, म्युनिकमध्ये रेम्पे, वाल्टर आणि क्लाइन यांनी नायोबियमच्या अतिवाहक पोकळीतून एकेक अणू सोडून ही पुन्हा उगवण प्रत्यक्ष पाहिली.

एक कण मिळवलेला प्रकाश

आता मला सर्वांत आवडणारा निबंध. साल १९९१, लेखक अगरवाल आणि के. तारा, ठिकाण पुन्हा हैदराबाद.

लेसरचा प्रकाश कितीही शिस्तीचा दिसला, तरी त्यातल्या कणांची संख्या नक्की नसते. सरासरी एक कण असलेला अगदी मंद लेसर प्रकाश घेतला आणि शंभर वेळा कण मोजले, तर साधारण ३७ वेळा शून्य येईल, तितक्याच वेळा एक, आणि उरलेल्या वेळी दोन किंवा अधिक. अगरवाल आणि तारा यांनी विचारलं की, या प्रकाशात नेमका एक कण मिळवला तर काय तयार होईल?

आपला व्यवहारी हिशेब सांगतो, सरासरी एक होती, ती दोन होईल. गणित सांगतं, अडीच. यात चूक नाही. जिथे आधीच कण जास्त असतात तिथे नवा कण जाण्याची शक्यता जास्त असते, हा प्रकाशाचा गुणधर्म आहे. लेसर चालतो तो त्यावरच. त्यामुळे कण मिळवण्याची क्रिया यशस्वी झाली एवढं कळलं, की आत आधीपासून बरेच कण असण्याची शक्यताही वाढते. आणि आणखी एक: या नव्या प्रकाशात शून्य कधीच येत नाही. किती आहे ते सांगता येणार नाही, पण रिकामं नक्की नाही. साध्या प्रकाशाला आणि क्वांटम प्रकाशाला जोडणारी ही एक नवीच पायरी होती.

ही अवस्था तयार करण्याची कृतीही निबंधात होती. लेसरचा प्रकाश पोकळीत भरा. त्यातून एक उत्तेजित अणू झपकन पलीकडे जाऊ द्या. बाहेर आल्यावर त्याला तपासा. तो अजून उत्तेजितच असेल तर तो प्रयत्न सोडून द्या. खालच्या पायरीवर उतरलेला सापडला, तर त्याने आपला कण आत ठेवला आहे, आणि आतला प्रकाश हवा तसा झाला आहे. आत डोकावून बघायचं नाही. बाहेर आलेल्याच्या रिकाम्या हातावरून आतला हिशेब करायचा.

हा प्रकाश प्रयोगात उतरला २००४ साली, इटलीत फ्लोरेन्सला, झावाता, विचियानी आणि बेलिनी यांच्या हातून. पण पोकळी आणि अणू वापरून नव्हे. त्यांनी कण मिळवण्याचं काम एका स्फटिकाकडून करून घेतलं. हैदराबादचा निबंध आणि फ्लोरेन्सचा प्रयोग यांत तेरा वर्षं गेली. भाषणात मी ही तेरा वर्षं अन्यायाची म्हणून सांगितली होती. आता मला ती वेगळी दिसतात. पोकळीची वाट सोडून स्फटिकाची धरावी लागली, कारण पोकळीची वाट फार अवघड होती. किती अवघड, ते आरशापाशी गेल्यावर कळतं.

आरसा

हारोश, रेमाँ आणि ब्रून यांच्या पॅरिसच्या प्रयोगशाळेत १९९६ साली दोन गाजलेले प्रयोग झाले. एकात अणू आणि पोकळी यांची स्पंदनं कणागणिक वेगळी मोजली गेली. दुसऱ्यात प्रकाशाला एकाच वेळी दोन वेगळ्या स्थितींत ठेवून तो दुहेरीपणा कसा विरत जातो ते पाहिलं गेलं. त्या वेळी त्यांच्या पोकळीत प्रकाशाचा कण सेकंदाच्या सुमारे पाच-सहा हजाराव्या भागापुरता टिकत असे.

म्युनिकच्या बंद डब्यासारख्या पोकळीत तो त्याहून बराच जास्त टिके. मग पॅरिसवाल्यांनी तीच का वापरली नाही? कारण ते वापरत ते रुबिडियमचे फुगवलेले, वर्तुळाकार कक्षेतले अणू विद्युत क्षेत्राचा आधार नसेल तर बिघडतात, आणि बंद अतिवाहक डब्यात ते क्षेत्र लावता येत नाही. म्हणून दोन समोरासमोरचे उघडे आरसेच हवेत. आणि उघड्या आरशाचा पृष्ठभाग किंचित जरी खडबडीत असला, तरी प्रकाश बाजूने निसटतो.

या अडचणीवर सुमारे दहा वर्षं गेली. २००७ साली त्यांनी नव्या आरशांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पन्नास मिलिमीटर व्यासाचे तांब्याचे दोन अंतर्वक्र तुकडे, हिऱ्याच्या हत्याराने कातलेले, त्यावर नायोबियमचा पातळ थर. दोघांत २७ मिलिमीटर अंतर आणि तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एक अंशाहूनही कमी. या पोकळीत प्रकाशाचा कण सरासरी १३० मिलिसेकंद टिकला. आधीच्यापेक्षा शेकडो पटींनी जास्त. तेवढ्या वेळात तो दोन आरशांमध्ये शंभर कोटींहून अधिक फेऱ्या मारतो आणि सुमारे ३९ हजार किलोमीटर, म्हणजे जवळजवळ पृथ्वीप्रदक्षिणेएवढं अंतर तोडतो.

हे जमल्यावर मात्र सगळं भराभर झालं. त्याच वर्षी प्रकाशाच्या एका कणाचा जन्म आणि मृत्यू, त्याला न खाता, पाहता आला. २०११ साली अणूंच्या साक्षीवरून दर वेळी दुरुस्ती करत पोकळीत ठरावीक संख्येचे कण टिकवून धरले गेले. एक कण गळाला की लक्षात येई आणि तो पुन्हा भरला जाई. पुढच्या वर्षी नोबेल.

मग ते आरसे घासले कोणी? २००७ च्या त्या वर्णनाच्या लेखकांमध्ये पॅरिसच्या प्रयोगशाळेतल्या लोकांबरोबर सॅक्ले इथल्या अणुऊर्जा संस्थेतली माणसंही आहेत. कणांना वेग देणाऱ्या मोठ्या यंत्रांसाठी नायोबियमच्या पोकळ्या करण्यात तिथले लोक मुरलेले होते. म्हणजे नाजूक प्रकाशाच्या प्रयोगाला हात मिळाला तो अजस्र यंत्रांच्या कारखान्यातून.

आपल्याकडचे हात

इथे माझ्या भाषणाचा पायाच ढासळला. मी गृहीत धरलं होतं की, समीकरणं आपल्याकडे होती आणि हात त्यांच्याकडे. पण अतिवाहक पोकळ्या करणारे हात आपल्याकडेही होते. आणि कुठे, तर मुंबईतच.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा केंद्राच्या भागीदारीने १९८८ साली पेलेट्रॉन हा कणत्वरक उभा राहिला. त्याचा वेग आणखी वाढवण्यासाठी पुढे अतिवाहक जोडयंत्र बांधायचं ठरलं. त्याच्या पोकळ्या शुद्ध तांब्याच्या, आतून शिशाचा मुलामा दिलेल्या, द्रवरूप हेलियमच्या थंडीत चालणाऱ्या. त्या इथेच घडवल्या गेल्या. हे काम २००७ साली पूर्ण झालं, पॅरिसचा आरसा लखलखला त्याच वर्षी.

या दोन पोकळ्या एकसारख्या नव्हेत, हे मला कळतं. एकीचा उपयोग जड कणांना ढकलण्यासाठी, दुसरीचा एका प्रकाशकणाला जपण्यासाठी. वारंवारता, आकार आणि सफाई, सगळंच वेगळं. पण तांबं, अतिवाहक थर, अतिशीत तापमान आणि गळतीचं मोजमाप, हे कसब एकाच घराण्यातलं आहे. एकाच मुंबईत तुर्भ्याला गळक्या पोकळीचं गणित मांडलं जात होतं आणि कुलाब्याला पोकळीची गळती कमी केली जात होती. पॅरिस आणि सॅक्ले यांनी जसं एका निबंधावर नाव घातलं, तसं इथे घडलं नाही.

याचा दोष कोणाला द्यावा असं मला वाटत नाही. त्या काळी हेलियम, परकीय चलन, सुटे भाग, सगळ्याचीच टंचाई होती आणि प्रत्येकजण आपापलं काम जिद्दीने करत होता. पण 'नोबेल हिरावलं' हे वाक्य मी मागे घेतो. आपल्याकडून कोणी काही हिरावलं नाही. समीकरण छापलं की ते सर्वांचं होतं. आरसा मात्र ज्याने वीस-तीस वर्षं तिथेच बसून घासला त्याचाच राहतो.

आणखी एक कबुली द्यायला हवी. ते भाषण करताना मी वर्गणीदार वाचकासारखा बोलत होतो, टूलरूमच्या माणसासारखा नाही. समीकरण लिहिणारा तो बुद्धिमंत आणि आरसा घासणारा तो मजूर, ही उतरंड माझ्याच डोक्यात होती. बावीस वर्षं हाताने काम करूनही होती. आपल्या समाजात ती कुठून येते, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

पुढे

२०१३ साली बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत सादिक रंगवाला यांच्या गटाने थंड केलेल्या रुबिडियम अणूंचं तापमान मोजलं. त्यासाठी त्यांनी वापरला तो पोकळीतल्या दुभंगलेल्या रेषांचाच गुण. हैदराबादच्या कागदावरच्या त्या दोन रेषा भारतातल्या पोकळीत थर्मामीटर म्हणून कामाला लागल्या होत्या.

दरम्यान पोकळीचा खेळही पालटला. अणूच्या जागी अतिवाहक धातूचं छोटंसं विद्युत मंडल आलं, जे अणूसारखंच पायऱ्यापायऱ्यांनी वागतं. २००९ साली सांता बार्बरा इथे अशा कृत्रिम अणूच्या मदतीने पोकळीत जवळजवळ हवी ती क्वांटम अवस्था रचून दाखवली गेली. मुंबईत टाटा संस्थेत आर. विजयराघवन यांचा गट याच वाटेने काम करतो. ऑगस्ट २०२४ मध्ये या संस्थेने आणि संरक्षण संशोधन संघटनेच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेने सहा क्यूबिटांच्या अतिवाहक प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. २०२३ साली केंद्राने ६००३ कोटींहून अधिक रकमेचं राष्ट्रीय क्वांटम अभियानही मंजूर केलं आहे. पैसा आला आहे. पण तो किती आयात यंत्रांत जातो आणि किती आपल्या हातांत मुरतो, यावर पुढचा इतिहास ठरेल.

हे मी उगाच म्हणत नाही. २०११ साली येल विद्यापीठात कृत्रिम अणूसाठी जी पोकळी वापरली गेली, ती अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात कोरलेली होती, दोन अर्ध्या भागांची. तिचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच. तो साचा होता! वाळूज किंवा चिकलठाण्यातला कोणताही बरा टूलरूमवाला असे दोन तुकडे कातून देईल. धातूची शुद्धता, आतल्या पृष्ठभागावरचा थर आणि दोन भागांचा सांधा, इथून पुढे मात्र शिकावं लागेल. आणि शिकवायला कोणीतरी प्रयोगशाळेतून उठून इथवर यावं लागेल, किंवा इथल्याने तिथे जावं लागेल.

गेल्या उन्हाळ्यात ओळखीच्या वर्कशॉपमध्ये मी तसे दोन तुकडे मिलिंग करून घेतले. साध्या अॅल्युमिनियमचे, नुसते दाखवण्यापुरते. त्यात कोणताही प्रकाश टिकणार नाही. ते घेऊन मी त्या ग्राइंडरवाल्या गृहस्थांच्या घरी गेलो आणि वर लिहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. सॅक्लेचं ऐकून त्यांनी मान डोलावली. मग दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवले, ट्यूबलाइटकडे धरले आणि फटीतून पाहिलं.

"सांध्यातनं उजेड येतोय," ते म्हणाले. "हे परत घासावं लागंल."